राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं आणि चार सेकंदांत

दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या लिंबाखाली माझं टेबल आहे. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात मी गेली तीस वर्षं दस्त लिहितो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जे म्हणाल ते. मागच्या उन्हाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. नवऱ्यामागं शेळ्या राखून, रोजगाराला जाऊन बांधलेलं दोन खणांचं घर नातवाच्या नावावर करायचं होतं. आजी-नातवाच्या बक्षीसपत्राला मुद्रांक दोनशे रुपयांचा, त्यामुळं फार विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी मजकूर वाचून दाखवायला लागलो. चतुःसीमेत ‘पूर्वेस रस्ता’ आलं आणि आजींनी हात वर केला.

“रस्ता न्हवं, बोळ हाय. रस्ता लिवलं की उद्या कोन बी गाडी घालंल.”

मी बोळ लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

नंबर यायला वेळ होता. नातवानं आजींसाठी नवा फोन आणला होता. भजनं बघता येतील म्हणून तो तिथंच लिंबाखाली एक व्हिडिओचं ॲप घालत बसला. अंगठा भराभर चालत होता. पुढे, सहमत, परवानगी द्या, परवानगी द्या. आजींनी मान वाकडी करून विचारलं, “काय लिवलंय त्यात?”

“काय न्हाई. असंच असतंय.”

तासाभरानं आत नाव पुकारलं. साहेबांनी आजींना विचारलं, दस्त वाचून दाखवला का, कबूल आहे का, कुणाची बळजबरी नाही ना. दोन ओळखदारांनी सह्या केल्या. आजींचा फोटो निघाला, अंगठा मशिनवर उमटला. दस्ताच्या शेवटी आमची ठरलेली ओळ होती: ‘सदरचे बक्षीसपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, वाचून व समजून लिहून दिले असे.’ ही ओळ मी किती हजार वेळा लिहिली असेल त्याचा हिशेब नाही. खरं सांगायचं तर ती लिहिताना डोकं वापरावं लागत नाही. त्या दुपारी मात्र ती डोक्यात अडकली. आजींनी एका दिवसात दोन कागद करून दिले होते. पहिल्यात एका बोळावरून मला मजकूर बदलायला लावला. दुसरा काय होता हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्यानं त्यांच्यावतीनं अंगठा दाबला त्यालाही नव्हतं.

माझं म्हणणं साधं आहे. दोन खणांच्या घरासाठी जी संमती आपण संमती मानत नाही, ती माणसाच्या सगळ्या वागण्याच्या नोंदीसाठी चालवून घेऊ नये. आणि ‘लोक वाचत नाहीत, त्याला कंपनी काय करणार’ हा युक्तिवाद तर माझ्यासमोर मुळीच करू नये. लोक माझ्याकडे येतात तेही स्वतः वाचत नाहीत म्हणूनच.

दस्तलेखकाला एक खोड असते, कागद दिसला की वाचायचा. मी तेच ॲप माझ्या फोनवर घेतलं. बटणं सगळी मराठीत. ‘सहमत आहे’ ठळक निळ्या रंगात, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘गोपनीयता धोरण’. ते दाबलं तर आत सगळा मजकूर इंग्रजीत. दुकानाची पाटी मराठीत आणि पावती परक्या भाषेत, असा प्रकार. पुतणी पुण्याला संगणकाच्या कामात आहे, ती सुट्टीला आली तेव्हा तिला बसवलं. म्हटलं, हे वाचून दाखव, आणि इतरांचंही. आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. सगळ्यात जास्त वेळ टिकटॉकवर गेला. ते आपल्याकडे बंद आहे, पण त्याच्यावर जगभर इतकी चौकशी आणि इतके निकाल झालेत की काय गोळा होतं हे अंदाजानं बोलावं लागत नाही.

नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर हे आपण आपल्या हातानं देतो, त्याबद्दल फार बोलायला नको. खरी गोष्ट त्याच्यापुढं सुरू होते. टिकटॉकच्या धोरणात लिहिलेलं आहे की फोनचं मॉडेल, सिमची कंपनी, स्क्रीनचा आकार, बॅटरीची स्थिती, आवाजाची सेटिंग, फोनला जोडलेली ऐकायची उपकरणं, ॲपची आणि फाइलींची नावं ही माहिती ते घेतात. आणि टायपिंगची लय. हे वाचून मी पुतणीला थांबवलं. कोर्टात खोट्या सहीचा वाद झाला की हस्ताक्षरतज्ज्ञ येतो. तो बघतो अक्षराचा वळसा, हाताचा दाब, कुठं उचललं, कुठं टेकवलं. बोटांची काचेवरची लय हा त्याचाच भाऊ. आपण काय लिहिलं हे बाजूला ठेवा, कसं लिहिलं हीसुद्धा एक ओळखखूण आहे.

त्यापुढचं वाक्य मी तिला तीनदा वाचायला लावलं. तुम्ही ॲपमध्ये व्हिडिओ बनवायला घेतला की तो चढवण्याआधीच त्यांच्याकडे जाऊ शकतो, तुम्ही तो पुढं ठेवा किंवा न ठेवा. कारण दिलंय की त्याला साजेसं गाणं वगैरे सुचवता यावं. असेल. पण माझ्या धंद्यात फाडून टाकलेल्या कच्च्या मसुद्याला काही अर्थ नसतो. पक्षकार म्हणाला ‘नको, राहू दे’, तर तो कागद चुलीत जातो. इथं ‘नको’ म्हटलेल्याचीही नोंद.

चेहरा आणि आवाज यांचं वेगळंच. जून २०२१ मध्ये टिकटॉकनं अमेरिकेतल्या धोरणात भर घातली की चेहऱ्याचे आणि आवाजाचे ठसे आपण गोळा करू शकतो. त्याच वर्षी इलिनॉय राज्याच्या कायद्याखाली चाललेल्या दाव्यात त्यांनी ९ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड कबूल केली. आपल्याकडे ठसा म्हटलं की अंगठ्याचा, आणि तो कुठं उमटवायचा याला माणूस घाबरतो. नाचताना चेहऱ्याचा उमटला तर कळतही नाही.

हे सगळं असलं तरी माझ्या मते सर्वात मोलाची नोंद सगळ्यात साधी आहे: तुम्ही कुठं थांबलात. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं २०२१ मध्ये शंभरावर यांत्रिक खाती उघडून टिकटॉकची परीक्षा घेतली होती. निष्कर्ष असा निघाला की माणूस कोणत्या व्हिडिओवर किती वेळ रेंगाळतो, एवढ्यावरून त्याचा कल शोधून काढता येतो. लाइक नको, कॉमेंट नको, नाव-गाव नको. आजी भजनं बघतील. मधे एखादा व्हिडिओ येईल गुडघेदुखीचा, त्या दोन सेकंद जास्त थांबतील. मग एक कर्जमाफीचा येईल, एक सुनेनं सासूला बाहेर काढल्याचा. कुठल्या तरी एकावर त्यांचा अंगठा हलणार नाही. तो व्हिडिओ आवडला म्हणूनच हलला नाही असंही नाही. लागला असेल कुठं तरी. त्या कुणाला बोलल्या नसतील, नातवाला तर नाहीच. पण नोंद झाली.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात, पोरांनी अभ्यासाला बसावं म्हणून. चांगला उपक्रम, देशभर नाव झालं. मी पुतणीला अभिमानानं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “काका, रोज ठरलेल्या वेळी एका गावातले फोन गप्प होतात, हीसुद्धा माहितीच की.”

आता परवानग्यांकडे येतो, कारण माझ्या धंद्याशी थेट संबंध तिथं आहे. नातवानं दाबलेली एक परवानगी होती संपर्कयादीची. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेलेली आहेत, सोनं-चांदी गाळायच्या पेढ्या तमिळनाडूपासून वर उत्तरेपर्यंत. म्हणून इथल्या कुठल्याही म्हातारीच्या फोनमध्ये नावं असतात ती अशी: ‘भाचा सेलम’, ‘थोरली जावई कोईमतूर’, ‘डॉक्टर शुगर’, ‘पतसंस्था वसुली’. नावांतच नातं, गाव, दुखणं आणि कर्ज सगळं येतं. ही यादी एकट्या आजींच्या मालकीची आहे का? जमिनीच्या भाषेत ती सामाईक आहे. सामाईक गटातला आपला हिस्सा सोडून दुसऱ्याचा विकता येत नाही. सहहिस्सेदारांची सही लागते, नाहीतर दस्त त्यांच्यावर बंधनकारक होत नाही. आणि फेरफार धरताना तलाठी संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस देतो. भाच्याला सेलममध्ये अशी नोटीस गेली नाही. त्यानं ते ॲप उभ्या आयुष्यात उघडलं नसलं तरी त्याचा नंबर आजीच्या बाजूनं तिकडं पोचला.

ॲप बाहेर कुठं कुठं बघतं याचे दोन किस्से नोंदलेले आहेत. जून २०२० मध्ये ॲपलनं आयफोनच्या नव्या चाचणी-आवृत्तीत एक सूचना घातली: कुठल्या ॲपनं क्लिपबोर्ड वाचला की वर दिसायचं. लोकांनी टिकटॉकमध्ये टाइप करायला घेतलं तर दर दोन-चार अक्षरांमागं सूचना येऊ लागली. क्लिपबोर्ड म्हणजे आपण एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवण्यासाठी मधे धरलेला मजकूर. आपल्याकडे तिथं बहुधा खातेनंबर असतो, नाहीतर ओटीपी. कंपनी म्हणाली, स्पॅम रोखण्यासाठी होतं, काढून टाकतो. दुसरा किस्सा डिसेंबर २०२२ चा. टिकटॉकची मालक कंपनी बाइटडान्सनं स्वतः कबूल केलं की आपल्या कर्मचाऱ्यांनी पत्रकारांच्या खात्यांची माहिती उघडून पाहिली. बातम्या आतून कोण फोडतंय हे शोधायचं होतं, म्हणून पत्रकार आणि कर्मचारी एकाच ठिकाणी होते का ते इंटरनेटच्या (आयपी) पत्त्यांवरून ताडून बघितलं. चौघांना काढलं. मला त्यात चीन-अमेरिका एवढं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे की नोंदवही असली की कुणी तरी ती उघडतोच. तलाठ्याच्या दप्तरापासून हा नियम आहे.

यावर बरेच जण म्हणतील, चिनी ॲपचं काय सांगता, ते तर आपण २९ जून २०२० लाच हाकललं. गलवानमध्ये वीस जवान गेले त्यानंतर दोन आठवड्यांनी ५९ ॲप बंद झाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. सुरक्षेचा निर्णय म्हणून तो घेतला गेला, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण माहितीचा प्रश्न त्यानं सुटला असं मानणं म्हणजे चोर पकडला म्हणून कुलूप न लावता झोपणं. टिकटॉकचे इथं सुमारे २० कोटी वापरकर्ते होते असं सांगितलं जायचं. त्यांच्याबद्दल जमलेलं कुठं गेलं? ‘फोर्ब्स’नं मार्च २०२३ मध्ये छापलं की बंदीनंतरही भारतीय वापरकर्त्यांची जुनी माहिती कंपनीच्या लोकांना बघता येत होती. म्हणजे कूळ गेलं, कब्जा राहिला. आणि जागा तर रिकामी राहिलीच नाही. त्याच जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची सुरुवात इथूनच केली, मोजसारखी देशी ॲपही उभी राहिली. माणसं तीच, नाच तेच, अंगठाही तोच.

फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिचं धोरण वाचा. बॅटरी किती, सिग्नल कसा, जवळपासचे वायफाय कोणते, ॲप समोर उघडं आहे की मागं, कोणती गोष्ट किती वेळ पाहिली, हे सगळं तिथंही आहे. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबनं २०२१ मध्ये टिकटॉक उघडून तपासलं तेव्हा त्यांना व्हायरससारखं उघड घातक काही सापडलं नाही. जे गोळा होत होतं ते फेसबुकच्याच जातकुळीतलं होतं. काहींना हे टिकटॉकचं निर्दोष सुटणं वाटलं. मला तो फेसबुकवरचा ठपका वाटला. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगानं मुलांच्या माहितीवरून इन्स्टाग्रामला २०२२ मध्ये ४०.५ कोटी युरो दंड केला आणि टिकटॉकला २०२३ मध्ये ३४.५ कोटी. देश बदलला म्हणून हिशेब फार बदलत नाही.

आणखी एक दंड आहे. रकमेनं किरकोळ, पण माझ्या लेखी सगळ्यांत मोठा. जुलै २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणानं टिकटॉकला साडेसात लाख युरो दंड केला. गुन्हा काय, तर गोपनीयतेची माहिती इंग्रजीत दिली, डच भाषेत दिली नाही. ॲप वापरणाऱ्यांत लहान मुलं पुष्कळ, त्यांना ती समजणार नव्हती. आता नेदरलँड्स हा असा देश की तिथं बहुतेकांना इंग्रजी येतं. तरीही त्यांचं म्हणणं, आमच्या पोरांशी करार करायचाय ना, मग आमच्या भाषेत करा.

आपल्याकडे हा विचार नवा आहे असं कुणी समजू नये. नोंदणी कायदा १९०८ चा, इंग्रजांच्या काळचा. त्याचं कलम १९ सांगतं की नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्वसाधारणपणे न वापरल्या जाणाऱ्या भाषेतला दस्त आला, तर त्यानं तो नाकारायचा. जिल्ह्यातल्या भाषेत खरं भाषांतर जोडलं असेल तरच घ्यायचा. आणि निरक्षर किंवा पडदानशीन बाईनं दस्त करून दिला असेल, तर तो तिला वाचून, समजावून दिला होता हे सिद्ध करायचा बोजा ज्याचा त्यात फायदा आहे त्याच्यावर, ही प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या शेवटच्या अपिली कोर्टाच्या काळापासूनची न्यायालयांची रीत आहे. बाईनं ‘मला समजलं नव्हतं’ हे सिद्ध करत फिरायचं नाही.

म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला तेव्हा मी त्यातली भाषेची कलमं आधी बघितली. आहेत. नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा. बावीस भाषा, त्यात मराठी आली, कोंकणी आली. संमती कशी हवी याचे शब्दही आमच्या दस्तातल्या ओळीच्या जवळचे: मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त, निःसंदिग्ध. नोटीस दिली आणि संमती घेतली हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर. इथवर मी खूश होतो.

मग बारीक वाचलं. सिद्ध करायचंय ते नोटीस दिल्याचं. समजल्याचं नाही. मराठी हा पर्याय आहे, म्हणजे कुठल्या तरी कोपऱ्यातल्या यादीत ‘मराठी’ शब्द ठेवला तरी कलम पाळल्यासारखं दिसेल. कायदा यायच्या आधी ज्यांनी संमती दिली त्यांना नंतर नोटीस पाठवायची, आणि त्यांनी संमती मागं घेईपर्यंत काम चालू ठेवायचं. याला आम्ही वहिवाट म्हणतो. आणि हे अमलात कधी? कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ऑगस्ट २०२३ ची, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्या नियमांतच नोटीस-संमतीच्या तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. शिवाय सरकार आपल्या ज्या यंत्रणांना अधिसूचना काढून वगळेल त्यांना हा कायदा लागू नाही. ते दालन वेगळं आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण खासगी कंपनीला शिस्त लावणाऱ्यानं स्वतःसाठी मागचं दार ठेवलंय हे दिसल्यावर कायद्यावरचा विश्वास थोडा कमी होतोच.

आणि मराठी म्हणजे कोणती मराठी? भाषांतराच्या यंत्रातून निघालेली धोरणं मी पाहिली आहेत. ‘आम्ही आपला अनुभव वर्धित करण्यासाठी तृतीय पक्ष भागीदारांसह सामायिकरण करू शकतो.’ हे वाचून आजींनी बोळ ओळखला असता का? इंग्रजीत न समजणं बरं, निदान माणूस कुणाला तरी विचारतो. असल्या मराठीत न समजलं तर माणसाला वाटतं आपलीच अक्कल कमी. पुतणीनं सांगितलेलं सगळं मग मी एका रात्री आमच्या रीतीनं लिहून काढलं. कुठल्या एका कंपनीचं नाव घालत नाही, साधारण सगळ्यांना बसेल असं आहे.

‘लिहून घेणार: कंपनी, राहणार परदेशी. लिहून देणार: श्रीमती अमुक, वय ६८, धंदा घरकाम व मजुरी. कारणे संमतीपत्र लिहून देते की, माझे फोनमधील सर्व नावे व नंबर, ते ज्यांचे आहेत त्यांना न विचारता मी आपणांस देत आहे. मी कोणता व्हिडिओ किती वेळ पाहिला, कोठे थांबले, कोणता पुन्हा पाहिला, रात्री किती वाजता पाहिला, याची आपण नोंद ठेवावी. मी काढलेला आणि नको म्हणून टाकून दिलेला व्हिडिओही आपण पाहावा. माझा फोन कोणता, त्यात चार्ज किती, कानांत काय लावले आहे, माझी बोटे कशी चालतात, हे आपण जाणून घ्यावे. मी कोठे आहे याचा अंदाज सिमवरून व इंटरनेटच्या पत्त्यावरून काढावा. सदर माहितीवरून माझे वय, आवड, गरज व चिंता यांचा तर्क करून त्याचा जाहिरातीसाठी उपयोग करावा. या मजकुरात आपण वेळोवेळी बदल करावा. मी ॲप वापरत राहिले म्हणजे तो बदल मला मान्य आहे असे समजावे. मोबदला: भजने. सदरचे संमतीपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, वाचून व समजून लिहून दिले असे.’

पानभरसुद्धा झालं नाही. म्हणजे लिहिता येतं.

‘हे कोण वाचणार’ याचं उत्तर मला माझ्या टेबलावर रोज मिळतं. गावातल्या प्रत्येकानं वाचायची गरज नसते. एक निवृत्त मास्तर वाचतो, एक पोस्टमन वाचतो, बचत गटातली एक बाई वाचते, आणि मग ते पारावर, गिरणीत, दूध डेअरीच्या रांगेत फिरतं. वाचता येण्याजोगा कागद असेल तरच हे घडतं. कागदच परभाषेत असेल तर गावाची ही जुनी यंत्रणा बंद पडते, आणि उरतं ते ‘असंच असतंय’.

दुसरी हरकत जास्त भारी आहे, आणि ती मला मान्यही आहे. समजलं तरी उपयोग काय? सगळी भजनं त्याच ॲपवर, सगळी नाती त्याच ॲपवर. नाही म्हणायची सोय नसेल तर संमती समजून दिली काय आणि न समजता दिली काय. इथं पुन्हा जमिनीचा कायदा पुढं आहे. काही व्यवहार असे आहेत की तिथं देणाऱ्याची राजीखुशी विचारतच नाहीत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय जात नाही, विकणारा कितीही तयार असो. कारण त्याच्या तयारीमागं काय असतं हे कायद्याला ठाऊक आहे. तसंच इथं हवं. टाकून दिलेला व्हिडिओ, चेहऱ्याचा-आवाजाचा ठसा, दुसऱ्याचे नंबर, टायपिंगची लय, यांचा व्यापारासाठी वापर संमतीवर सोडूच नये. सरळ मनाई. उरलेल्यासाठी मराठी नोटीस.

मुलांच्या बाबतीत ही मनाई २०२३ च्या त्या कायद्यात थोडी आलेली आहे. अठराच्या खालच्यांसाठी आईबापाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ लागतं, अज्ञान पालनकर्ता. हिंदू कायद्यात बापालाही मुलाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इथं बापाचा एक अंगठा पुरेल असं दिसतंय, आणि बहुतेक घरांत तो अंगठा लेकरूच धरून दाबेल. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२३ मध्ये टिकटॉकला १ कोटी २७ लाख पौंड दंड केला, तेव्हा अंदाज होता की २०२० मध्ये तिथं तेरा वर्षांखालची चौदा लाखांपर्यंत मुलं ते वापरत होती, कंपनीचाच नियम मोडून. जन्मसाल खाली सरकवायला किती वेळ लागतो?

आजी पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. घराच्या उताऱ्यावर नातवाचं नाव लावायचा अर्ज लिहायचा होता. नातू सोबत होता. अर्ज झाल्यावर मी ते संमतीपत्र काढलं आणि म्हटलं, आजी, त्या दिवशी तुम्ही अजून एक दस्त केला होता, तो वाचून दाखवायचा राहिला. नातू हसला. आजी पदर सावरून ऐकत बसल्या. रात्री किती वाजता पाहिलं, यावर त्यांनी नातवाकडं बघितलं. बोटं कशी चालतात, यावर काहीच बोलल्या नाहीत. मोबदला भजनं म्हटल्यावर म्हणाल्या, “ती तर देवाची.” मग पुन्हा वरच्या ओळीकडं वळल्या.

“नावं, नंबर म्हंजे? धाकटीचा बी?”

“हो.”

“आन् तिला इचारलं न्हाई?”

मी नातवाकडं बघितलं, तो फोनकडं बघत होता. आजींनी हात पुढं केला. “लाव तिला फोन,” म्हणाल्या, “मी सांगती.”